साखळी विस्कटा आणि टोकांकडे बघा: विस्कळीतपणातून जन्मणारी टोपोलॉजिकल अवस्था स्वतः मोजण्याची रीत

१०० रुपयांवर आधी ५० टक्के नफा झाला आणि मग ५० टक्के तोटा, तर हातात उरतात ७५ रुपये. टक्क्यांची सरासरी शून्य, तरी २५ रुपये गेले. कारण इथे आकडे एकमेकांत मिळवले जात नाहीत, गुणले जातात, आणि गुणाकारात चढउतार नेहमी खाली ओढतात. हा लेख एका क्वांटम साखळीबद्दल आहे, पण त्यातली कळीची गोष्ट या २५ रुपयांतच आहे.

फिलिप अँडरसन यांनी १९५८ मध्ये दाखवलं की स्फटिकात पुरेसा विस्कळीतपणा असला की इलेक्ट्रॉनच्या लहरी जागच्या जागी अडकतात आणि वहन थांबतं. त्यानंतर कित्येक वर्षं विस्कळीतपणा म्हणजे बिघाड हेच गृहीत होतं. टोपोलॉजिकल पदार्थांची, म्हणजे ज्यांच्या आतून वहन होत नाही पण कडेला ठाम टिकणाऱ्या अवस्था असतात अशा पदार्थांची, चर्चा सुरू झाली तेव्हाही प्रश्न एवढाच असायचा की ही अवस्था किती अशुद्धी सहन करेल? २००९ मध्ये जियान ली, रुई-लिन चू, मूळचे राजस्थानचे जैनेंद्र जैन आणि शुन-छिंग शेन यांनी उलटं चित्र मांडलं. मर्क्युरी टेल्युराइडच्या पातळ थराच्या गणिती प्रतिमानात त्यांनी साधी, टोपोलॉजिकल नसलेली अवस्था घेतली, तिच्यात विस्कळीतपणा वाढवत नेला, आणि मधल्या एका टप्प्यावर कडेने ठरावीक, पुंजित विद्युतवहन सुरू झालेलं दिसलं. या अवस्थेला टोपोलॉजिकल अँडरसन इन्सुलेटर हे नाव मिळालं. त्याच वर्षी लायडनच्या गटाने कारण सांगितलं: अवस्था टोपोलॉजिकल की साधी हे ज्याच्या चिन्हावर ठरतं, ते प्रतिमानातलं 'वस्तुमान' विस्कळीतपणामुळे बदलत जातं आणि त्याचं चिन्हच पालटतं.

द्विमितीय थराचं गणित जड आहे. तीच घटना एका मितीत, म्हणजे एका ओळीत मांडलेल्या जागांच्या साखळीत, इतकी स्वच्छ दिसते की अर्धं काम स्प्रेडशीटवर होतं. म्हणून आपण तिथून सुरुवात करू. लॉगॅरिदम आणि आव्यूह (मॅट्रिक्स) माहीत असले की पुरे. पाचव्या पायरीपासून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातला नमपाय हा गणिताचा संच लागेल; त्याआधी नाही.

पायरी १: साखळी मांडा

जागा जोडीजोडीने घ्या. प्रत्येक जोडीत एक डावी जागा आणि एक उजवी. जोडीच्या आतल्या कडीचं बळ 'अ', म्हणजे कण जोडीतल्या एका जागेवरून दुसरीवर किती सहज उडी मारतो ते. एका जोडीची उजवी जागा आणि पुढच्या जोडीची डावी जागा यांना सांधणाऱ्या बाहेरच्या कडीचं बळ 'ब'. बाकी कुठलीही कडी नाही, आणि कुठल्याही जागेला स्वतःची वेगळी ऊर्जा नाही.

ही सू, श्रिफर आणि हीगर यांची १९७९ ची साखळी. त्यांनी ती पॉलिअ‍ॅसिटिलीन या बहुवारिकासाठी मांडली होती, ज्याच्या कण्यात एकेरी आणि दुहेरी बंध आळीपाळीने येतात. वाहक प्लास्टिकच्या कामासाठी हीगर यांना २००० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही दोन सहकाऱ्यांसह.

विस्कळीतपणा नसताना नियम सोपा आहे. बाहेरची कडी बळकट असली, म्हणजे ब हा अ पेक्षा मोठा असला, की साखळी टोपोलॉजिकल असते आणि दोन्ही टोकांवर शून्य ऊर्जेची एकेक अवस्था बसते. अ मोठा असला की टोकांवर काही नसतं. आपण मुद्दाम चुकीच्या बाजूने सुरुवात करणार आहोत: ब = १ आणि अ = १.१. ही साखळी टोपोलॉजिकल नाही. थोडक्यासाठी हुकली आहे, आणि ती थोडक्यासाठी हुकलेली असणं महत्त्वाचं आहे.

पायरी २: टोकावरून चालत निघा

डाव्या टोकाला शून्य ऊर्जेची अवस्था आहे का, हे पाहायला आव्यूह लागत नाही. शून्य ऊर्जेचं समीकरण प्रत्येक उजव्या जागेवर लिहिलं की एवढंच उरतं: पुढच्या डाव्या जागेवरचा आयाम (कणाच्या लहरीची तिथली उंची) म्हणजे आधीच्या डाव्या जागेवरचा आयाम गुणिले अ भागिले ब, चिन्ह उलटं. उजव्या जागांवर आयाम शून्य.

म्हणजे पहिल्या जोडीवर आयाम १ धरला, तर प्रत्येक जोडीला तो अ/ब पटीने बदलतो. हा गुणक १ पेक्षा लहान असला तर आयाम विरत जातो आणि अवस्था टोकाला चिकटून राहते. मोठा असला तर आयाम फुगत जातो. तशी अवस्था डाव्या टोकाची म्हणता येत नाही. आपल्या शुद्ध साखळीत गुणक १.१ आहे, सहा जोड्यांनंतर आयाम १.७७ होतो. टोक रिकामं.

पायरी ३: आता आतल्या कड्या विस्कटा

स्प्रेडशीट उघडा. पहिल्या स्तंभात जोडीचा क्रमांक, १ ते २००. दुसऱ्या स्तंभात आतल्या कडीचं बळ: १.१ अधिक पसारा 'प' गुणिले (रँड वजा ०.५). इथे रँड म्हणजे ० ते १ मधला यादृच्छिक आकडा देणारं फंक्शन. तिसऱ्या स्तंभात आयाम: वरच्या ओळीतला आयाम गुणिले वरच्या ओळीतलं बळ. ब हा १ आहे म्हणून भागायची गरज नाही, आणि चिन्ह सध्या सोडून द्या, आकारच बघा.

पसारा २.४ ठेवला तर बळं −०.१ ते २.३ या टप्प्यात येतात. समजा पहिली सहा अशी आली: १.८२, ०.२१, २.०५, ०.६४, १.५१, ०.३७. बेरीज करून बघा, ६.६०. सरासरी बरोबर १.१, म्हणजे शुद्ध साखळीइतकीच. आता आयामाचा स्तंभ वाचा: १, मग १.८२, मग एकदम ०.३८, मग ०.७८, ०.५०, ०.७६, आणि शेवटी ०.२८.

या स्तंभावर थोडं थांबा. १.८२ ने जे कमावलं ते ०.२१ ने एका फटक्यात धुऊन नेलं. २.०५ ने पुन्हा दुप्पट केलं, पण ०.६४ ने त्यातलं काढून घेतलं. प्रत्येक बळकट कडीमागे कुठेतरी एक कमकुवत कडी आहे, आणि गुणाकारात कमकुवत कडीचा घाव बळकट कडीच्या लाभापेक्षा खोल जातो. शुद्ध साखळीत जिथे १.७७ होतं तिथे आता ०.२८ आहे. अवस्था टोकाला चिकटली. एकही कडी सरासरीने कमकुवत न करता, फक्त त्या असमान करून.

दहावीच्या भूमितीत आपण भूमितीमध्याचं प्रमेय शिकतो. तोच भूमितीमध्य इथे न्यायनिवाडा करतो. या सहा आकड्यांचा भूमितीमध्य ०.८१ आहे, म्हणजे १ पेक्षा कमी. साखळी टोपोलॉजिकल आहे की नाही हे अ आणि ब यांच्या साध्या सरासरीवर ठरत नाही, त्यांच्या भूमितीमध्यांवर ठरतं. शुद्ध साखळीत दोन्ही एकच असतात म्हणून हा फरक पाठ्यपुस्तकात दिसत नाही.

पायरी ४: खिडकी कागदावर शोधा

भूमितीमध्याचा लॉग म्हणजे लॉगची सरासरी. बळं एका पट्ट्यात समान वाटणीने पसरलेली असतील तर ही सरासरी एका ओळीत निघते. क = अ + प/२ आणि ख = अ − प/२ घ्या. मग

लॉगची सरासरी = (क × लॉग क − ख × लॉग |ख|) ÷ प − १.

लॉग नैसर्गिक घ्यायचा. स्प्रेडशीटमध्ये तो एलएन नावाने असतो. उत्तर ऋण आलं की टोपोलॉजिकल, धन आलं की नाही. अ = १.१ साठी मी काढलेले आकडे असे आहेत. पसारा शून्य असताना ०.०९५. पसारा १.५ ला ०.००४, जेमतेम धन. १.६ ला −०.०१२. २.२ ला −०.२१. २.६५ च्या आसपास सर्वांत खोल, −०.३२. त्यानंतर आकडा पुन्हा वर चढू लागतो: ४ ला −०.१५, आणि ५ ला ०.०१६, म्हणजे परत धन.

तर खिडकी साधारण १.५२ ते ४.९० अशी आहे. तिच्या आत टोपोलॉजिकल, दोन्ही बाहेर नाही. मोठ्या पसाऱ्याला अवस्था का मोडते? कारण पट्टा इतका रुंद होतो की बहुतेक बळं, ऋण असोत वा धन, आकाराने १ पेक्षा मोठी असतात, आणि शून्याजवळच्या मोजक्या कमकुवत कड्यांना तो भार पेलत नाही.

वाचकांनी ही पायरी गाळून थेट संगणकाकडे धावू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे. हातात हे आकडे असले की पुढे प्रोग्राम चुकला तर लगेच कळतं. नसले तर पडद्यावर जे दिसेल ते खरं वाटतं.

एक व्यवहाराची गोष्ट. पसारा १.६ आणि २०० जोड्या घेतल्या तर लॉगची एकूण बेरीज सरासरीने −२.४ येते, पण एका साखळीपासून दुसऱ्या साखळीपर्यंत तिचा चढउतार जवळपास ७ असतो. एकच साखळी पाहून निकाल देता येणार नाही. सीमेजवळ काम करायचं असेल तर वीसेक हजार जोड्या घ्या किंवा शंभरेक साखळ्यांची सरासरी काढा. पसारा २.६५ ला मात्र बेरीज −६३ च्या आसपास असते आणि चढउतार १७ च्या घरात; तिथे एक साखळीही पुरते.

पायरी ५: आव्यूह बांधा, पण कर्णाला हात लावू नका

आता पायथन. २०० जोड्या म्हणजे ४०० जागा, म्हणून ४०० बाय ४०० चा शून्यांचा आव्यूह घ्या. प्रत्येक कडीसाठी तिच्या दोन जागांच्या छेदावर बळ लिहा, दोन्ही बाजूंनी, म्हणजे आव्यूह सममित राहील. साखळीच्या ऊर्जा म्हणजे या आव्यूहाची आयगेन मूल्यं. ती काढायला नमपायमध्ये सममित आव्यूहांसाठी वेगळं फंक्शन आहे, तेच वापरा. सर्वसाधारण फंक्शन वापरलं तर ऊर्जा क्रमाने येत नाहीत आणि कधीकधी गोलाकारणाच्या त्रुटीमुळे काल्पनिक भागही डोकावतात.

पहिली तपासणी: प्रत्येक ऊर्जेमागे तेवढीच ऋण ऊर्जा आली पाहिजे. याला कायरल सममिती म्हणतात. आपल्या साखळीत कड्या फक्त डाव्या आणि उजव्या जागांमध्येच आहेत, डावी-डावी किंवा उजवी-उजवी अशी एकही नाही, म्हणून ती टिकते.

इथेच मी स्वतः आठवडाभर अडकलो होतो. विस्कळीतपणा म्हणजे सगळीकडे विस्कळीतपणा, असं समजून मी प्रत्येक जागेला यादृच्छिक ऊर्जाही दिली होती, म्हणजे आव्यूहाच्या कर्णावर आकडे टाकले होते. टोकाच्या अवस्था शून्यावरून सरकल्या, प्रत्येक साखळीत वेगळ्या जागी गेल्या, आणि मी खिडकी शोधत राहिलो. कर्णावर आकडा पडला की कायरल सममिती मोडते, आणि या साखळीच्या टोपोलॉजीला आधार देणारा खांबच जातो. कोणता विस्कळीतपणा सममिती राखतो, हे ठरवणं या विषयातलं पहिलं काम आहे. ते झाल्यावर 'किती' हा प्रश्न.

दुसरी तपासणी: शून्याच्या सर्वांत जवळच्या दोन ऊर्जा बघा. पसारा २.६५ ला त्या १० च्या −१६ व्या घाताच्या आसपास, म्हणजे संगणकाच्या अचूकतेच्या तळाशी दिसतील. खरा आकडा त्याहून कितीतरी लहान आहे, पण संगणकाला त्याखाली दिसत नाही. त्यामुळे आणखी एक गंमत घडते: दोन टोकांच्या अवस्थांच्या ऊर्जा संगणकाला सारख्याच वाटतात आणि तो त्यांची मनमानी मिसळ करून देतो. आलेखात एकाच अवस्थेचं वजन दोन्ही टोकांना दिसलं तर घाबरू नका. डाव्या जागांवरचा भाग आणि उजव्या जागांवरचा भाग वेगळे काढा, म्हणजे एक डाव्या टोकाला आणि दुसरा उजव्या टोकाला बसलेला दिसेल.

तिसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची. शुद्ध टोपोलॉजिकल साखळीत शून्याभोवती ऊर्जेची मोकळी जागा असते. विस्कटलेल्या साखळीत ती भरून जाऊ शकते. साखळीत मध्येच कुठेतरी सलग काही आतल्या कड्या बळकट पडल्या की तिथे शून्याजवळच्या ऊर्जेच्या अवस्था तयार होतात. म्हणून शून्याजवळ ऊर्जा दिसली एवढ्यावर टोकाची अवस्था सापडली असं लिहू नका. तिचं वजन कुठे आहे ते पाहा. मोकळी जागा नसूनही टोपोलॉजी टिकते, कारण मधल्या त्या अवस्था अँडरसनच्या नियमाने जागीच अडकलेल्या असतात आणि एका टोकाची बातमी दुसऱ्या टोकापर्यंत नेऊ शकत नाहीत. १९५८ चा शोध इथे टोपोलॉजीच्या बाजूने उभा राहतो, आणि मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. अवस्था बदलते ती फक्त पसारा १.५२ आणि ४.९० ला, जिथे शून्य ऊर्जेची लहर क्षणभर मोकळी होऊन सगळी साखळी ओलांडते.

पायरी ६: वळणांची संख्या मोजा

शुद्ध साखळीत टोपोलॉजिकल संख्या, म्हणजेच वळणांची संख्या, काढायला तरंगसंख्येचा वापर करतात. विस्कटलेल्या साखळीत तरंगसंख्याच उरत नाही, म्हणून ही संख्या थेट जागांवरून काढावी लागते. रीत लहान आहे.

४०० बाय ४०० च्या आव्यूहातून डाव्या जागांच्या ओळी आणि उजव्या जागांचे स्तंभ एवढाच २०० बाय २०० चा तुकडा काढा. त्याचं एकमात्र मूल्य विघटन करा; नमपायमध्ये ते एसव्हीडी नावाने मिळतं. त्यातून तीन आव्यूह येतात. मधला टाकून द्या आणि पहिला व शेवटचा, फंक्शन ज्या रूपात देतं त्याच रूपात, एकमेकांशी गुणा. हा नवा आव्यूह 'क्यू' समजा. जोड्यांचे क्रमांक कर्णावर असलेला आव्यूह 'स्थान' समजा. आता स्थान × क्यू − क्यू × स्थान काढा, त्याला डावीकडून क्यूच्या परिवर्त आव्यूहाने गुणा, आणि मधल्या जोड्यांच्या कर्णावरच्या आकड्यांची सरासरी घ्या.

टोपोलॉजिकल असेल तर उत्तर १ च्या जवळ, नसेल तर ० च्या जवळ. तुमच्या मांडणीत ओळी-स्तंभ उलटे असतील तर −१ येईल, त्याने बिघडत नाही. पण 'मधल्या जोड्या' हे शब्द नीट पाळा. संपूर्ण कर्णाची बेरीज केली तर उत्तर कायम शून्यच येतं, कारण टोकांचा वाटा मधल्या भागाचा हिशेब चुकता करतो. मी दोन्ही बाजूंच्या एक चतुर्थांश जोड्या सोडून देतो.

पसारा ० ते ६ पर्यंत ०.१ च्या टप्प्याने वाढवा, प्रत्येक टप्प्यावर पन्नास साखळ्यांची सरासरी घ्या आणि आलेख काढा. शून्यावर सपाट रेषा, मग १.५ च्या पुढे चढ, वर पठार, आणि ४.९ च्या आसपास उतार. हा चढ-उतार चौथ्या पायरीतल्या आकड्यांशी जुळला की तुमचा प्रोग्राम बरोबर आहे. चढ तिरपा दिसेल. साखळी लांब करत गेलात की तो उभा होत जातो.

पायरी ७: बळं सोडा, जागाच हलवा

इथपर्यंत आपण कड्यांची बळं थेट बदलली. खऱ्या पदार्थात विस्कळीतपणा बहुतेकदा रचनेत असतो: अणू जागेवरून सरकलेले असतात आणि बळं त्यांच्या अंतरावरून ठरतात. मग प्रश्न असा की नुसती रचना विस्कटून टोपोलॉजी मिळेल का?

उत्तर बळ आणि अंतर यांच्या नात्यावर आहे, आणि ते पुन्हा लॉगमध्येच सापडतं. बळ अंतराबरोबर घातांकी नियमाने कमी होत असेल, म्हणजे ठरावीक अंतर वाढलं की ठरावीक पटीने घटत असेल, तर बळाचा लॉग अंतराच्या सरळ रेषेत असतो. जागा कितीही हलवा, सरासरी अंतर तेच राहिलं तर लॉगची सरासरी तसूभरही बदलत नाही. शेजारच्या काच-वाहिन्यांमधून झिरपणाऱ्या प्रकाशाचं जोड-बळ साधारण असंच वागतं. तिथे या साखळीला नुसत्या जागा हलवून काही मिळणार नाही.

बळ अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असेल, जसं दोन विद्युत द्विध्रुवांमध्ये असतं, तर चित्र बदलतं. अंतराचे चढउतार लॉगची सरासरी वर ढकलतात. मग युक्ती अशी: आतल्या कड्या जशाच्या तशा ठेवा आणि फक्त बाहेरच्या कड्यांची अंतरं विस्कटा. म्हणजे प्रत्येक जोडी काठीसारखी ताठ धरा आणि तिला अख्खीच्या अख्खी डावी-उजवीकडे सरकवा.

करून बघा. जोडीच्या आतलं अंतर १, म्हणून आतलं बळ १. दोन जोड्यांमधलं अंतर १.०५, म्हणून बाहेरचं बळ ०.८६. टोपोलॉजिकल नाही. आता स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक जोडीला एक यादृच्छिक सरक द्या, −स/२ ते +स/२ मधली. बाहेरचं अंतर = १.०५ + पुढच्या जोडीची सरक − या जोडीची सरक. त्याच्या घनाचा व्यस्त काढा, लॉग घ्या, सरासरी करा. सरक नसताना ही सरासरी −०.१४६ येते. इथे बाहेरच्या कडीचा हिशेब असल्यामुळे चिन्हाचा अर्थ उलटा: धन आलं की टोपोलॉजिकल. स वाढवत न्या. ०.७५६ च्या आसपास सरासरी शून्य ओलांडते, आणि ०.९ ला ती ०.०७५ च्या जवळ पोहोचते. एकही जोडी दुसरीवर चढलेली नाही, एकूण लांबी बदललेली नाही, आणि तरी टोकं जागी झाली. केवळ रचनेच्या विस्कळीतपणातून.

या स्तंभातले चढउतार तिसऱ्या पायरीपेक्षा बरेच शांत दिसतील. एक जोडी उजवीकडे सरकली की तिच्या उजवीकडचं अंतर घटतं आणि डावीकडचं तेवढंच वाढतं, त्यामुळे चढउतार बऱ्याच अंशी आपसात फिटतात.

आता याच साखळीत जोड्या ताठ न ठेवता प्रत्येक जागा स्वतंत्र हलवून बघा. साखळी टोपोलॉजीपासून आणखी दूर जाईल. आतलं अंतर मुळात लहान, म्हणून तेवढ्याच हलण्याने आतल्या कडीचा लॉग जास्त वाढतो. विस्कळीतपणा आपोआप टोपोलॉजी देत नाही. तो कोणत्या कडीवर पडतो आणि अंतराचा नियम काय आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

घनाचा नियम मी हवेतून आणलेला नाही. पॅरिसजवळ पालेझो इथे २०१९ मध्ये रिडबर्ग अवस्थेतल्या, म्हणजे खूप वरच्या ऊर्जेला नेलेल्या, रुबिडियम अणूंपासून १४ जागांची नेमकी ही साखळी बांधली गेली. द्विध्रुवांमधलं बळ दिशेवरही अवलंबून असतं आणि सुमारे ५४.७ अंशांच्या कोनात शून्य होतं. प्रयोगकर्त्यांनी सगळ्या डाव्या जागा त्या कोनातल्या एका रेषेवर आणि उजव्या जागा तिला समांतर दुसऱ्या रेषेवर ठेवल्या, म्हणजे डावी-डावी आणि उजवी-उजवी या नको असलेल्या कड्या आपोआप नाहीशा झाल्या. जोड्या त्याच रेषांच्या दिशेने सरकवल्या तर कायरल सममिती टिकून राहते. आपल्या स्प्रेडशीटमध्ये दिशेचा परिणाम आणि दूरच्या डावी-उजवी कड्या धरलेल्या नाहीत. पायरी पाच आणि सहाच्या प्रोग्राममध्ये त्या सहज घालता येतात, आणि ज्यांना स्वतःचं काही करून पाहायचं आहे त्यांनी तिथून पुढे जावं.

पायरी ८: दोन मितींत, जिथे ओळही नाही

साखळी विस्कटली तरी क्रम शिल्लक असतो. दोन मितींत तोही सोडता येतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अधीप अगरवाला आणि विजय शेणॉय यांनी २०१७ मध्ये चौकटीत बिंदू अक्षरशः यादृच्छिक फेकले, ठरावीक अंतराच्या आतल्या बिंदूंना कड्यांनी जोडलं, आणि अशा स्फटिकहीन पदार्थातही टोपोलॉजिकल अवस्था उभी राहते हे दाखवलं. त्या निबंधाची मांडणी इतकी थेट आहे की एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला ती घरी उभी करता येते. प्रत्येक बिंदूवर दोन कक्षका घ्यायच्या आणि कडीचं बळ अंतराबरोबर दिशेवरही अवलंबून ठेवायचं.

इथे मोजायची संख्या वेगळी आहे, तिला बॉट निर्देशांक म्हणतात. लोरिंग आणि हेस्टिंग्ज यांनी २०१० मध्ये ती विस्कळीत प्रणालींसाठी वापरात आणली. चौकटीची समोरासमोरची टोकं जोडून घ्या. बिंदूंचे दोन निर्देशक चौकटीच्या लांबीने भागून वर्तुळावरच्या कोनांत बदला आणि त्यांचे एकक लांबीचे संमिश्र घातांक दोन कर्ण आव्यूहांत भरा. हे दोन्ही आव्यूह फक्त भरलेल्या अवस्थांच्या अवकाशात लिहा. मग पहिला, दुसरा, पहिल्याचा संयुग्मी परिवर्त, दुसऱ्याचा संयुग्मी परिवर्त, असा गुणाकार करून त्याच्या आयगेन मूल्यांचे लॉग घ्या, बेरजेचा काल्पनिक भाग २π ने भागा. पूर्णांक मिळेल. हिशेब भरलेल्या अवस्थांपुरताच ठेवा. पूर्ण अवकाशात तसाच केला तर शून्य आयगेन मूल्यांचा लॉग घ्यावा लागतो आणि प्रोग्राम कोसळतो. सुरुवातीला पाचशे बिंदू पुरतात.

प्रयोगात हे कसं दिसलं

२०१८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात ब्राइस गॅडवे यांच्या गटाने अतिथंड रुबिडियम अणूंवर आपल्या पहिल्या सहा पायऱ्यांशी जुळणारा प्रयोग केला. त्यांच्या साखळीतल्या जागा म्हणजे अणूंच्या वेगवेगळ्या संवेग-अवस्था होत्या, आणि प्रत्येक कडीसाठी लेसरची वेगळी वारंवारता असल्यामुळे प्रत्येक कडीचं बळ स्वतंत्र ठरवता येत होतं. स्प्रेडशीटच्या दुसऱ्या स्तंभासारखंच. टोपोलॉजिकल नसलेल्या साखळीत विस्कळीतपणा वाढवला आणि ती टोपोलॉजिकल झाल्याचं मोजलं. त्याच वर्षी टेक्निऑन आणि रॉस्टॉक इथल्या संशोधकांनी काचेत लेसरने कोरलेल्या मळसूत्री वाहिन्यांच्या जाळ्यात प्रकाशासाठी हीच घटना दाखवली.

इलिनॉयच्या गटाने मोजलेली राशी तुम्हालाही मोजता येईल, आणि ती एसव्हीडीपेक्षा डोळ्यांना जास्त पटते. साखळीच्या मधल्या जोडीच्या एकाच जागेवर कण ठेवा आणि त्या जोडीला क्रमांक शून्य द्या. आव्यूहाच्या घातांकाने त्याला काळात पुढे न्या. प्रत्येक क्षणी डाव्या जागांवरच्या संभाव्यता जोडीच्या क्रमांकाने गुणून बेरीज करा, उजव्या जागांवरच्या तशाच करून वजा करा, आलेल्या आकड्याची दुप्पट घ्या. सुरुवातीला आलेख वरखाली झुलतो. बऱ्याच साखळ्यांची आणि बऱ्याच क्षणांची सरासरी घेत गेलात की तो टोपोलॉजिकल खिडकीत १ कडे आणि बाहेर ० कडे स्थिरावतो. चिन्ह ऋण आलं तर डावं-उजवं उलट धरलं आहे एवढाच अर्थ. कण साखळीच्या टोकाला पोहोचण्याआधी मात्र मोजणी थांबवा.